मूल्य आणि त्याचें वेष्टन

१९४९ सालीं जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे दोन जिल्हे झाले, आणि १९६० सालीं दक्षिण साताऱ्यास सांगली हें नांव मिळालें. नांव पालटलें, पण जिल्हा तोच राहिला. तासगांवचा शेतकरी त्या दिवशीं कांहीं नव्या मुलखांत जाऊन पडला नाहीं. आणि ‘दक्षिण सातारा’ हे शब्द तरी कोठें बदलले? जुन्या दस्तऐवजांत ते आजहि जसेच्या तसे आहेत. पाटीवरून ते उतरले व दुसरा शब्द चढला, इतकेंच.

संगणकाच्या जावास्क्रिप्ट भाषेंत नेमका हाच भेद आहे. ब्रेंडन आइक यांनीं १९९५ सालीं नेटस्केप कंपनींत अवघ्या दहा दिवसांत तिचा पहिला आराखडा उभा केला. तींत संख्या, शब्द, होकार-नकार हीं मूळ मूल्यें होत. तीं कधीं बदलत नाहींत, आणि दोन मूल्यें सारखीं दिसलीं कीं तीं एकच मानलीं जातात. वस्तूचें तसें नाहीं. वस्तु म्हणजे जिल्हा. तिचें नांव पालटलें तरी ती तीच, आणि दोन वस्तु हुबेहूब सारख्या असल्या तरी त्या दोनच.

येथवर सर्व सरळ आहे. घोटाळा होतो तो तिसऱ्या प्रकारानें. ‘सातारा’ या शब्दाची लांबी विचारली तर यंत्र सहा असें सांगतें. (अक्षरें तीन असतां सहा कशीं, असें कोणी विचारील, यंत्र काना वेगळा मोजतें.) पण प्रश्नास उत्तर देणें हें वस्तूचें काम, मूल्याचें नव्हे. म्हणून यंत्र त्या शब्दास क्षणभर एका लखोट्यांत घालतें, उत्तर देतें आणि लखोटा फेंकून देतें. त्या लखोट्यावर कोणी एखादी टीप लिहिली तर तीहि त्याच्याबरोबर जाते, आणि पुढच्या ओळींत तिचा मागमूसहि राहत नाहीं. या लखोट्यासच वेष्टन-वस्तु म्हणावयाचें. तो यंत्रानें वापरून टाकावा हेंच इष्ट. परंतु ‘न्यू’ हा शब्द योजून लिहिणारा स्वतःच मूल्यास कायमचें लखोट्यांत घालूं शकतो, आणि अनर्थ होतो तो तेथें.

कोयनेचें धरण सातारा जिल्ह्यांत. तेथून सोडलेलें पाणी कऱ्हाडास कृष्णेंत मिळतें आणि पुढें सांगलीच्या आयर्विन पुलाखालून जातें. त्या पुलापाशीं ४० फूट ही इशाऱ्याची पातळी, ४५ फूट ही धोक्याची. २०१९ च्या ऑगस्टांत पाणी ५७ फुटांवर गेलें होतें, हें सांगलीकरांस सांगावयास नको. आतां समजा, धरणाचे दरवाजे उघडले काय, याचें उत्तर एका आज्ञावलींत ठेवावयाचें आहे. उत्तर नकारार्थी आहे. पण लिहिणाऱ्यानें तो नकार वेष्टनांत घातला. पुढें आज्ञा आहे: होकार असेल तर गांवोगांव इशारा द्यावा. यंत्र येथें लखोटा फोडून पाहत नाहीं. हातांत वस्तु आहे, आणि कोणतीहि वस्तु म्हटली कीं या भाषेंत ती होकारासारखीच. आंत ‘नाहीं’ लिहिलेलें असतां इशारा सुटतो. नदीकांठीं गुरें सोडण्याची, धान्य हलविण्याची धांदल उडते. असा खोटा इशारा दोनदां आला कीं तिसऱ्या, खऱ्या इशाऱ्यास कोण उठेल?

संख्येची गंमत तर याहून विलक्षण आहे. सकाळचे ४५ फूट व सायंकाळचे ४५ फूट निरनिराळ्या वेष्टनांत ठेवले, तर अधिक-उणें पाहतांना यंत्र लखोटे फोडतें. समान आहेत काय हें पाहतांना मात्र फोडीत नाहीं. त्यामुळें पाणी चढलेलें नाहीं, उतरलेलें नाहीं, आणि तेवढेंच आहे असेंहि नाहीं, असा जबाब मिळतो! चढउताराचें गणित बरोबर येत असल्यामुळें चूक लवकर ध्यानांतहि येत नाहीं.

वास्तविक ‘न्यू’ हा एकच शब्द गाळला तर तेंच लिखाण साधें मूल्य देतें. मग ही सोय भाषेंतून काढून कां टाकीत नाहींत? कारण जुन्या आज्ञावली तिच्यावर उभ्या आहेत, आणि चालतें लिखाण मोडावयाचें नाहीं हा या भाषेच्या कारभाऱ्यांचा कटाक्ष आहे. तथापि नव्या मूल्यांच्या बाबतींत त्यांनीं सावधगिरी बाळगली. २०१५ सालीं आलेलें ‘सिंबॉल’ व २०२० सालीं आलेला ‘बिगइंट’ यांच्या मागें कोणी ‘न्यू’ लावलें, तर यंत्र लखोटा करीत नाहीं. तेथल्या तेथें चूक दाखवून थांबतें.