नागरिकशास्त्र : वीस मिनिटांचा धडा की जन्माची शिदोरी?

(चांदवड येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



राज्यशास्त्राच्या वरच्या अभ्यासासाठी हायस्कूलमधल्या मुलामुलींनी तयारी कशी करावी, असा विषय मला देण्यात आला आहे. आपल्या घरांतून गणिताची शिकवणी लावली जाते, इंग्रजीचीही लावली जाते. नागरिकशास्त्राचे पुस्तक मात्र परीक्षेच्या आदल्या रात्री उघडते आणि दुसऱ्या दिवशी मिटते. पुढे कला शाखेकडे वळणारा, वकिली शिकू पाहणारा किंवा स्पर्धा परीक्षेला बसणारा विद्यार्थी नेमका याच पुस्तकापाशी अडतो. आणि जो यापैकी काहीच करत नाही, तो तहसील कचेरीच्या खिडकीपाशी अडतो. म्हणून हा प्रश्न केवळ गुणांचा नाही.

इतर देशांत काय चालते ते प्रथम पाहू. अमेरिकेत सोळा-सतरा वर्षांची मुले हायस्कूलमध्ये असतानाच, इच्छा असेल तर, ‘अमेरिकेचे शासन आणि राजकारण’ हा महाविद्यालयाच्या तोडीचा अभ्यासक्रम घेतात. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी घरांतील मुलांपुढेही तो पर्याय असतो. या अभ्यासक्रमात नऊ मूळ दस्तऐवज आणि सर्वोच्च न्यायालयाचे चौदा निकाल नेमलेले आहेत. परीक्षा तीन तासांची. तीत पंचावन्न बहुपर्यायी प्रश्न आणि चार लेखी प्रश्न येतात. त्या चार प्रश्नांकडे लक्ष द्या. एकात एखादा प्रसंग देऊन त्याला तत्त्व लावायला सांगतात. दुसऱ्यात आकड्यांचा तक्ता वाचायचा असतो. तिसऱ्यात नेमलेल्या निकालाची न नेमलेल्या निकालाशी तुलना करायची असते. चौथ्यात पुराव्यानिशी आपले मत मांडून विरुद्ध मताला उत्तर द्यायचे असते. ‘राष्ट्राध्यक्षाची कार्ये लिहा’ अशा घोकलेल्या उत्तराला तिथे फारसा वाव नाही.

याचा हेवा करण्याचे आपल्याला कारण नाही, कारण ही रीत आपल्या मातीला परकी नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. पुढे ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा संविधान सभेपुढे ठेवताना त्यांनी अमेरिकेची अध्यक्षीय पद्धत आणि आपली संसदीय पद्धत यांची तुलना केली. सरकारचे स्थैर्य आणि सरकारची जबाबदारी यांत कशाला अधिक वजन द्यायचे, हा त्यांचा प्रश्न होता. आपण जबाबदारीला अधिक वजन दिले, असे त्यांनी कारणांसह सांगितले. दोन गोष्टी शेजारी ठेवायच्या, फरक शोधायचा आणि कारण द्यायचे, हाच या विषयाचा अभ्यास.

विद्यार्थी मित्रांनो, आता तुमच्यासाठी चार कामे सांगतो.

पहिले काम शब्दांचे. आपल्यातील कित्येक मुले उर्दू माध्यमातून शिकतात आणि पुढे मराठी किंवा इंग्रजीत जातात. विषय तोच असतो, पण शब्द बदलले की मूल बुजते. एक वही करा. एका बाजूला उर्दू शब्द, दुसऱ्या बाजूला मराठी आणि तिसऱ्या रकान्यात इंग्रजी. मुकन्निना म्हणजे विधिमंडळ, आमला म्हणजे कार्यकारी मंडळ, अदलिया म्हणजे न्यायमंडळ, वफाक म्हणजे संघराज्य, आईन म्हणजे संविधान. भिऊ नका. अर्ज, वकील, तालुका, जिल्हा हे रोजचे मराठी शब्द फारसी-अरबीच्या वाटेनेच मराठीत आले आणि मराठीचे होऊन गेले. रोज दोन शब्द लिहिलेत, तर वर्षाकाठी सातशे होतील.

दुसरे काम मूळ मजकुराचे. अमेरिकेचे संविधान १७८७ सालचे. त्यात सातच अनुच्छेद आहेत आणि आजवर सत्तावीस दुरुस्त्या झाल्या. आपले संविधान २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारले गेले, तेव्हा त्यात ३९५ अनुच्छेद आणि आठ अनुसूची होत्या. ते सगळे पाठ करायचे नाही. उद्देशिका वाचा, मग चौदा ते बत्तीस हे अनुच्छेद वाचा. मराठीत आणि उर्दूतही भाषांतर मिळते. अनुच्छेद ३० धर्माने किंवा भाषेने अल्पसंख्य असलेल्या सर्वांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा हक्क देतो. आपल्या संस्थेच्या दारावरची पाटी या एका वाक्याच्या आधाराने उभी आहे. पण लगेच मागे वळून २९(२) वाचा. सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थेला केवळ धर्म, वंश, जात किंवा भाषा या कारणावरून कोणाही नागरिकाला प्रवेश नाकारता येत नाही. हक्क आणि बंधन अशी शेजारी शेजारी नांदतात. पुस्तकातले सारांश वाचणाऱ्याला हे दिसत नाही, मूळ वाचणाऱ्याला दिसते.

तिसरे काम ‘हे कोणाच्या हाती?’ असे विचारण्याचे. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर बंदी आली आणि शेतकरी याच चांदवडला मुंबई-आग्रा महामार्गावर उतरले. तुमच्यापैकी अनेकांच्या घरांत त्या दिवसांत भावाची चर्चा झाली असेल. आता संविधानाची सातवी अनुसूची काढा. शेती राज्यसूचीत आहे, बाजार राज्यसूचीत आहेत. आयात-निर्यात मात्र संघसूचीत आहे. म्हणून कांदा पिकला चांदवड तालुक्यात, विकायला गेला राज्याच्या कायद्याने चाललेल्या बाजार समितीत आणि अडला दिल्लीच्या हुकुमाने. संघराज्य म्हणजे काय, हे यापेक्षा सोपे करून सांगता येणार नाही. शिक्षण १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत गेले, तेही त्याच अनुसूचीत पाहा. मग आपल्या गल्लीत या. गटार तुंबले तर आमदाराकडे जायचे की नगरपरिषदेकडे? खेड्यातल्या मुलांनी ग्रामसभेला जाऊन मागे बसावे आणि ऐकावे. गावासाठी ७३ वी आणि शहरासाठी ७४ वी घटनादुरुस्ती, दोन्ही १९९३ साली अमलात आल्या, एवढे त्या निमित्ताने ध्यानात राहील.

चौथे काम दोन्ही बाजू मांडण्याचे. हे सर्वांत कठीण. अमेरिकेत नेमलेल्या चौदा निकालांपैकी एक शाळकरी मुलांचा आहे. व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ मुले दंडाला काळ्या फिती बांधून शाळेत आली, शाळेने त्यांना काढले. १९६९ साली न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी मुलांच्या बाजूने निकाल दिला. आपल्याकडे केरळात १९८५ साली तीन भावंडांना शाळेतून काढले गेले. राष्ट्रगीताच्या वेळी ती अदबीने उभी राहत, पण आपल्या श्रद्धेमुळे गात नसत. १९८६ साली बिजो इमॅन्युएल खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना शाळेत परत घेण्याचा आदेश दिला. ती मुले ख्रिस्ती समाजातील एका लहानशा पंथाची होती. हक्क संख्येवर मोजला जात नाही, हे त्यातून शिकायचे. आता वही घ्या आणि लिहा : दोन्ही प्रकरणांत घडले काय? संविधानातले कोणते कलम लागले? साम्य कोणते, फरक कोणता? शेवटी शाळेच्या बाजूनेही एक परिच्छेद लिहा, तोही प्रामाणिकपणे, कारण शिस्त राखणे हे शाळेचे खरेच काम असते.

आणि दोन बाजू नेहमी दोन समाजांच्याच असतात असेही नाही. संविधान सभेत १९४९ च्या मे महिन्यात धार्मिक अल्पसंख्यकांसाठी राखीव जागा असाव्यात की नाही, यावर चर्चा झाली. मद्रासच्या मुहंमद इस्माईल यांनी स्वतंत्र मतदारसंघांचा आग्रह धरला. सभेतील एकमेव मुस्लिम महिला सदस्य बेगम ऐजाज रसूल यांनी त्याला विरोध केला. दोघेही मुसलमान, दोघेही आपल्या समाजाच्या हिताचेच बोलत होते. त्या चर्चेची कार्यवाही छापलेली आहे. कोण बरोबर हे मी सांगणार नाही. दोघांचे म्हणणे दहा-दहा ओळींत लिहा, मग स्वतःचे मत द्या. ज्याला हे जमले, त्याला अकरावीचे राज्यशास्त्र जड जाणार नाही आणि कोणी भडकवायला आले तर त्याचे डोके शाबूत राहील.

पालकांनो, आता तुम्हाला दोन शब्द. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला, हे बहुतेकांना ठाऊक आहे. त्याच दुरुस्तीने अनुच्छेद ५१(क) मध्ये मुलाला शिक्षणाची संधी देण्याचे कर्तव्य आईबापांवरही टाकले, हे फारसे कोणी सांगत नाही. संधी म्हणजे केवळ फी नव्हे. रेशन कार्डाचा, दाखल्याचा किंवा घरपट्टीचा अर्ज मुलाकडून लिहून घ्या. कचेरीत त्याला बरोबर न्या. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. एक अर्ज मुलाने वाचून समजून घेतला, तर पुस्तकातला धडा त्याला आपोआप उमगेल.

आणि हे मुलींसाठीही तितकेच करा. नोव्हेंबर १९८६ मध्ये याच चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन भरले. बायका प्रचंड संख्येने आल्या आणि स्थानिक निवडणुकांत केवळ महिलांची पॅनेले उभी करण्याचा विचार तिथे मांडला गेला. १९९० साली महाराष्ट्राने स्थानिक संस्थांत महिलांसाठी तीस टक्के जागा राखल्या, ७३ व्या आणि ७४ व्या दुरुस्तीने देशभर एक-तृतीयांश झाल्या आणि २०११ साली महाराष्ट्रात निम्म्या झाल्या. आज गावागावांत निम्म्या खुर्च्या बायकांच्या आहेत. त्या खुर्चीवर उद्या तुमची मुलगी बसली, तर ठराव ती स्वतः वाचणार की कोणी दाखवील तिथे सही करणार, हे आजच्या अभ्यासावर ठरणार आहे.

शिक्षक बंधुभगिनींना एकच विनंती. आठवड्यातला एक तास या कामाला द्या. एक अनुच्छेद, एक प्रसंग, दोन गट आणि फळ्यावर दोन रकाने. खर्च खडूचा तेवढा.

मित्रांनो, परीक्षेतले गुण गुणपत्रिकेत राहतात. आपला हक्क कोणत्या ओळीत लिहिला आहे आणि दुसऱ्याचा कोणत्या, हे ज्याला स्वतः वाचता येते, तो विद्यार्थी घराला आणि गावाला आयुष्यभर उपयोगी पडतो.