घर वाढविण्यापूर्वी





ताथवडे 2009 साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले. आसपास महाविद्यालये वाढली, विद्यार्थ्यांना खोल्या हव्या झाल्या आणि जुन्या घरांवर मजले चढू लागले. त्या भाड्यातून कित्येक घरांत मुलांची फी भरली जाते, हे मी जाणतो. म्हणूनच हा विषय घेतला आहे.

25 जुलै 2017 रोजी घाटकोपर येथे सिद्धी साई ही इमारत कोसळून 17 जण दगावले. तळमजल्यावर फेरबदलाचे काम चालू होते व त्यात खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. खांब एकाच्या जागेत उभा असतो, पण भार साऱ्या बिऱ्हाडांचा पेलतो.

कायद्याचे सार सोपे आहे. रंग, गिलावा, फरशी यांसाठी बांधकाम परवानगी लागत नाही. पण खांब, तुळई, स्लॅब किंवा भार पेलणारी भिंत बदलायची असेल, मजला चढवायचा असेल, अथवा घराचे वसतिगृह वा शिकवणी वर्ग करायचे असतील, तर आधी महापालिकेची परवानगी हवी. इमारतीला 30 वर्षे झाली की स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तिची तपासणी करून घेणे महापालिका अधिनियमाच्या कलम 265-अ नुसार बंधनकारक आहे.

काही जण म्हणतात, "आमचा मिस्त्री अनुभवी आहे." असेल. पण पाया किती खोल आहे, स्लॅबमधली सळई किती गंजली आहे, हे नजरेने कळत नाही. एका मजल्यासाठी घातलेला पाया तीन मजल्यांचे ओझे पेलेल, असे गृहीत कसे धरावे?

शाळा-वर्गांसाठी नियम अधिक कडक आहेत. 2004 साली तामिळनाडूत कुंभकोणम येथे शाळेला आग लागून 94 मुले गेली. त्यानंतर 2009 साली सर्वोच्च न्यायालयाने शाळांच्या इमारती राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार सुरक्षित असाव्यात, असा आदेश दिला. शैक्षणिक इमारतीतील जिना किमान दीड मीटर रुंद हवा, असे ही संहिता सांगते. तेव्हा पालकांनो, वर्गात नाव घालताना निकालाबरोबर जिनाही पाहा.

इंजिनिअरची फी जड वाटते, परवानगीला हेलपाटे पडतात, हे खरे. पण आपल्या छताखाली झोपणारे परगावचे मूल ही कोणाची तरी अमानत आहे. ती सांभाळण्याचा हा खर्च आहे. आधी तपासणी, मग परवानगी, मगच पहार, एवढा क्रम लक्षात ठेवावा.