शाळेतला न लिहिलेला धडा



परीक्षा आटोपल्या आहेत, शाळांना कुलपे लागली आहेत, मुले आजोळी गेली आहेत. अशा दिवसांत शाळेवर व्याख्यान देणे म्हणजे सुट्टीतल्या मुलाला पाढे म्हणावयास लावण्यासारखे आहे, याची आम्हांस जाणीव आहे. तथापि शाळेत मूल जे शिकते त्यातले सगळेच काही वेळापत्रकात लिहिलेले नसते. मधल्या सुट्टीत, पाण्याच्या नळापाशी, सायकली लावण्याच्या जागेत एक धडा रोज शिकवला जातो. त्याला पुस्तक नाही, मास्तर नाही, गुण नाहीत. आणि तरीही तो जन्मभर विसरत नाही. त्या धड्याविषयी आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

इंग्रजीत ज्याला बुलिंग म्हणतात त्याला मराठीत नेमका एक शब्द सापडत नाही. दांडगाई म्हणावे तर केवळ अंगबळ डोळ्यांपुढे येते, चिडवाचिडवी म्हणावे तर ती निरुपद्रवी वाटते, आणि छळ म्हणावे तर आपणांस सासुरवास आठवतो. या तिन्ही गोष्टी एकत्र कराव्यात म्हणजे अर्थ पुरा होतो. या विषयाच्या शास्त्रीय अभ्यासाचा पाया मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्व्हेउस यांनी घातला. नॉर्वेमध्ये 1982 साली तीन मुलग्यांनी जीव दिला, त्यामागे सोबत्यांचा छळ असल्याचे दिसून आले, आणि 1983 साली त्या सरकारने देशभर छळविरोधी मोहीम काढली. ओल्व्हेउस यांनी छळाच्या तीन खुणा सांगितल्या: तो हेतुपूर्वक असतो, तो पुनःपुन्हा होतो, आणि छळणारा छळल्या जाणाऱ्यापेक्षा बलवान असतो. ही व्याख्या आजही प्रमाण मानली जाते.

परंतु मानसशास्त्रज्ञ जेथे थांबतो तेथून समाजशास्त्रज्ञाचा प्रश्न सुरू होतो. कोणाचा स्वभाव वाईट आहे, हे त्याला तितकेसे विचारावयाचे नसते. हा छळ कोणत्या नियमाची राखण करतो, हा त्याचा प्रश्न असतो. अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ जेसी क्लाइन यांनी हाच प्रश्न विचारला. प्राध्यापक होण्यापूर्वी त्यांनी शाळांमध्ये समाजकार्यकर्ती म्हणून काम केले होते. म्हणजे रडत आलेले मूल त्यांनी आधी पाहिले आणि सिद्धान्त मागाहून मांडला. हा क्रम आम्हांस महत्त्वाचा वाटतो.

त्यांनी ज्या घटनांचा विचार केला त्यांतील तीन आपल्यापुढे ठेवतो. 1 ऑक्टोबर 1997 रोजी मिसिसिपी राज्यातील पर्ल या गावी सोळा वर्षांच्या एका मुलग्याने घरी आईला ठार केले आणि मग शाळेत जाऊन गोळीबार केला. दोन मुली मेल्या. त्यांतील एकीची आणि त्याची पूर्वी मैत्री होती व ती तिने तोडली होती. 1 डिसेंबर 1997 रोजी केंटकी राज्यात पडूका शहराजवळच्या शाळेत चौदा वर्षांच्या मुलग्याने प्रार्थनेसाठी जमलेल्या विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या. तीन मुली मेल्या. 24 मार्च 1998 रोजी आर्कन्सॉ राज्यातील जोन्सबरो येथे तेरा आणि अकरा वर्षांच्या दोघा मुलग्यांनी शाळेच्या आवारात गोळीबार केला. चार मुली आणि एक शिक्षिका मेल्या.

श्रोते हो, आपण बेरीज करावी. सहा महिन्यांत तीन शाळांमध्ये दहा जीव गेले. दहाच्या दहा मुली वा स्त्रिया होत्या, आणि मारणारे चौघेही मुलगे होते. मग वर्तमानपत्रांनी काय छापले? ‘पोरेच पोरांना मारू लागली!’ जेसी क्लाइन आणि लिन चॅन्सर या दोघींनी 2000 साली एका लेखात नेमके यावरच बोट ठेवले. बंदुकांविषयी लिहिले गेले, चित्रपटांविषयी लिहिले गेले, आईबापांच्या दुर्लक्षाविषयी लिहिले गेले. पण मारणारे सगळे मुलगेच का, हा प्रश्न सहसा कोणी विचारलाच नाही.

आम्ही मराठी माणसांनी येथे अमेरिकन वार्ताहराला हसण्याचे कारण नाही. आपली भाषाही हीच लबाडी करते. ‘मूल’ हा शब्द नपुंसकलिंगी, आणि त्याचे ‘मुले’ झाले की त्या एका पांघरुणाखाली मुलगेही झाकले जातात आणि मुलीही. ‘मुलांनी मुलांना मारले’ असे आपण म्हणतो, आणि कोणी कोणाला मारले हे त्या वाक्यातून कळतच नाही. म्हणूनच आज आम्ही आवर्जून ‘मुलगे’ म्हणत आहोत.

2005 साली क्लाइन यांनी आणखी एक निबंध लिहिला. ‘तिला धडा शिकवणे’ असा त्याच्या शीर्षकाचा आशय आहे. एखादीने नकार दिला, एखादीने मैत्री तोडली, तर तो अपमान पुसून काढला पाहिजे, नाहीतर आपण पुरुष कसले, असा हिशेब कोवळ्या वयात मनात कसा बसतो, हे त्यांनी दाखवले. पुढे 2012 साली त्यांनी आपल्या सगळ्या अभ्यासाचे सार एका ग्रंथात मांडले. त्यातील मुख्य सूत्र असे की, शाळेत विद्यार्थी एकमेकांवर पहारा करतात. मुलगा पुरेसा मुलगा आहे ना आणि मुलगी पुरेशी मुलगी आहे ना, हे पाहणारे ते बिनगणवेषाचे पोलीस असतात. जो चुकतो त्याला शिक्षा होते. मुली यातून सुटलेल्या नाहीत. रूप, कपडे, चारित्र्य यांवरून त्याही एकमेकींची झडती घेतात. आणि पैसा, अंगबळ व जिंकणे यांचीच जेथे पूजा चालते, त्या समाजाच्या शाळेत यापेक्षा निराळे काय घडणार, असा त्यांचा सवाल आहे.

हा पहारा रोज कसा चालतो, ते सी. जे. पॅस्को या दुसऱ्या समाजशास्त्रज्ञांनी जवळून पाहिले. कॅलिफोर्नियातील एका माध्यमिक शाळेत त्या सुमारे दीड वर्ष जात राहिल्या आणि 2007 साली त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. समलिंगी पुरुषाला उद्देशून वापरली जाणारी एक शिवी त्या शाळेतले मुलगे दिवसभर एकमेकांवर फेकत असत. आश्चर्य हे की, ज्याला ती दिली तो तसा आहे असे देणाऱ्याला वाटतही नसे. कोणी नाचला, कोणाचे डोळे भरले, कोणी कपड्यांची फार काळजी घेतली, कोणाला एखादे काम जमले नाही, की शिवी हजर! आपल्याकडे पकडापकडीत जसे राज्य येते, तसाच हा प्रकार. ज्याच्यावर राज्य आले त्याने धावत जाऊन दुसऱ्याला शिवायचे आणि आपल्यावरचे उतरवायचे. फरक इतकाच की हा खेळ घंटा झाल्यावर संपत नाही. आणि आपण पुरुष आहोत याचा दुसरा पुरावा म्हणून तेच मुलगे मुलींची वाट अडवत, त्यांना धरत, ढकलत. हे सारे थट्टा म्हणून खपून जाई. नाटकाच्या वर्गात मात्र त्या शिवीला धार नव्हती. तेथे मुलगा रडला तरी चालत असे, कारण तेथे तोच अभ्यास होता.

आता एक सावधगिरीचा शब्द. छळलेले मूल बंदूक उचलते, असा सोपा निष्कर्ष कोणी काढू नये. 20 एप्रिल 1999 रोजी कोलोरॅडोतील कोलंबाइन शाळेत दोघा मुलग्यांनी 12 विद्यार्थी आणि 1 शिक्षक यांना ठार केले, तेव्हा ते दोघे केवळ छळाचे बळी होते अशी कथा पसरली. पुढील तपासात ती तशी सरळ राहिली नाही. अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने 2002 साली 37 शाळांतील हल्ल्यांचा आणि 41 हल्लेखोरांचा अहवाल काढला. त्यांतील 71 टक्के हल्लेखोरांना पूर्वी छळ, धमकी किंवा मारहाण सोसावी लागली होती असे आढळले. म्हणजे उरलेल्यांच्या बाबतीत तसे आढळले नाही. पण एका बाबतीत टक्केवारीची गरज पडली नाही. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस पुरुषजातीचे होते.

शिवाय लाखो मुले छळ सोसतात आणि कोणालाही मारीत नाहीत. ती मुकाट्याने सोसतात, शाळा सोडतात, गाणे सोडतात, नाच सोडतात, कधी स्वतःचा जीव घेतात. बंदुकीचा आवाज जगभर ऐकू जातो, यांचा आवाज शेजारच्या बाकापर्यंतही पोचत नाही. आमच्या मते क्लाइन यांच्या कामाचे खरे मोल हेच आहे. त्या मोठ्या स्फोटापासून निघून रोजच्या बारीक कुजबुजीपर्यंत येतात आणि दोन्हींत एकच नियम काम करतो आहे हे दाखवतात.

अमेरिकेत बंदूक सहज मिळते, आपल्याकडे ती मिळत नाही, एवढ्यावर समाधान मानून घरी जाता आले असते. पण आम्हांस एक आठवण स्वस्थ बसू देत नाही.

आम्ही सातवीत होतो. वर्गात एक मुलगा होता. अक्षर मोत्यासारखे, आवाज बारीक, आणि भोंडल्याची सगळी गाणी त्याला बहिणींमुळे पाठ. एका संध्याकाळी कोणीतरी त्याला त्यांच्याबरोबर फेर धरताना पाहिले. दुसऱ्या दिवसापासून त्याचे नाव ‘भोंडलाबाई’ पडले. पुढे एकदा हजेरी घेताना मास्तरांनीच हसत म्हटले, “बाई, उभ्या राहा.” सारा वर्ग हसला. आम्ही हसलो. व्याख्यानात वक्ता स्वतःला ‘आम्ही’ म्हणतो ते रीत म्हणून. हे ‘आम्ही’ मात्र खरेखुरे अनेकवचन होते, चाळीस जणांचे. आणि त्या चाळिसांत आमचे हसणे सर्वांत मोठे होते, कारण आमचाही आवाज तोवर फुटला नव्हता. राज्य त्याच्यावर होते तोवर आमच्यावर येणार नव्हते. दिवाळीनंतर तो शाळेत आला नाही. कोणी चौकशीही केली नाही. त्याच्या अंगावर कोणी बोटसुद्धा टेकवले नव्हते, म्हणून त्याला छळ म्हणावे हेही कोणाच्या मनात आले नाही.

क्लाइन यांच्या ग्रंथात मोठ्या माणसांच्या दांडगाईवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. ते आठवले की आम्हांस त्या हजेरीची आठवण होते. मुलगे हा धडा एकमेकांपासून शिकतात हे खरे, पण त्यावर शिक्का मोठी माणसे मारतात. “पोरीसारखा रडतोस काय?” हे आपण घरात म्हणतो. “बांगड्या भरल्यास काय?” हे मैदानावर म्हणतो. “मार खाऊन आलास? जा, दोन देऊन ये,” हे तर आपण कौतुकाने म्हणतो. या एकेका वाक्यात दोन धडे असतात. मुलग्याला कळते की रडणे ही हलकी गोष्ट आहे. आणि पलीकडे पाट मांडणाऱ्या त्याच्या बहिणीला कळते की हलके म्हणजे तिच्यासारखे. बांगडी ही आपल्याकडे सौभाग्याची खूण, आणि तीच पुरुषाला द्यावयाची सर्वांत मोठी शिवी! ज्या वस्तूचा आपण सणाला मान करतो, तिच्या नावाने भांडणात अपमान करतो.

यावर उपाय नाही असे मात्र नाही. 2008 साली मुंबईच्या महापालिका शाळांत सहावी-सातवीच्या मुलामुलींसाठी एक उपक्रम सुरू झाला. इंटरनॅशनल सेंटर फॉर रिसर्च ऑन विमेन, कोरो आणि टाटा समाजविज्ञान संस्था यांनी तो मिळून चालवला. घरातली कामे कोणाची, मारणे म्हणजे काय, चिडवणे कोठे संपते आणि छळ कोठे सुरू होतो, यांवर त्या वर्गांत खेळांतून आणि चर्चेतून बोलणे झाले. म्हणजे जो धडा नळापाशी चोरून शिकवला जात होता, तो फळ्यावर आणला गेला. न लिहिलेला धडा लिहिला की त्यातली चूक दिसते, आणि चूक दिसली की ती खोडता येते.

जूनमध्ये शाळा पुन्हा उघडतील. एखाद्या दिवशी आपला मुलगा दप्तर कोपऱ्यात टाकून गप्प बसेल आणि विचारल्यावर त्याचे डोळे भरून येतील. त्या वेळी आपण त्याला उलटून मारावयास सांगू नये, आणि डोळे पुसावयासही सांगू नये. त्याचे ऐकून घ्यावे. आणि तो गप्प बसलेला नसून हसत आला असेल, दुसऱ्या कोणाचे ठेवलेले टोपणनाव हसत सांगत असेल, तर त्या दिवशी त्याला अधिक वेळ द्यावा. आमच्या वेळी तसे कोणी विचारले असते, तर हजेरीपटावरचे एक नाव कदाचित राहिले असते.