मुक्कामाला आलेला आजार

मंडळी, ताप येतो आणि जातो. खरूज येते, मलम लावलं की जाते. पण काही आजार एकदा आले, की घर सोडत नाहीत. रक्तदाब, मधुमेह, गुडघ्यांची झीज हे त्यांतलेच. म्हातारी माणसं आम्हांला विचारतात, "हा आजार बरा कधी होणार?" खरं सांगायचं तर तो पुरता जाणार नाही. पण त्याला ताब्यात ठेवलं, तर शेताच्या बांधापर्यंत चालता येईल. रात्री भजनाला बसता येईल. हे काही थोडं नाही.

रक्तदाबाचंच बघा. विहिरीवरच्या पाइपात पाण्याचा जोर फार झाला, की जुना पाइप फुटतो. अंगातल्या रक्ताच्या नळ्यांचं तसंच आहे. जोर वाढला, की त्या फुटतात, नाहीतर खराब होऊन तुंबतात. मेंदूतली नळी अशी बिघडली, की अंगावरून वारं जातं.

आणि हा आजार दुखत नाही, हाच त्याचा घात. आमच्या शेजारी एक गृहस्थ आहेत. वय सत्तरीचं. गोळीनं दाब उतरला, तेव्हा ते म्हणाले, "आता कशाला गोळी?" दोन महिने गोळी बंद. एका सकाळी धार काढताना हातातली चरवी निसटली. तोंड वाकडं झालं. घरच्यांनी तेल चोळण्यात दुपार घालवली. आज त्यांचा उजवा हात चालत नाही. भाकरीचा घास दुसऱ्यानं भरवावा लागतो.

तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर तेल नको, अंगारा नको. लगेच 108 ला फोन करा. गुठळी विरघळवण्याचं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.

आता तुम्हांला आकडे वाचता येतात. मग दवाखान्याच्या कार्डावरचे आकडे स्वतः वाचा. वरचा आकडा 140 किंवा खालचा 90 याच्या पुढं वरचेवर जात असेल, तर दाब वाढला असं डॉक्टर समजतात. बरं वाटलं म्हणून गोळी आपल्या मनानं सोडायची नाही. मीठ दिवसाला चहाच्या एका चमच्यापेक्षा कमी हवं. त्यात लोणचं, पापड, ठेचा सगळं आलं बरं का!

मधुमेह असेल, तर पाय सांभाळा. काटा रुतला तरी कळत नाही, जखम चिघळत जाते. अनवाणी फिरू नका. रोज रात्री उजेडात तळवे बघा. दिसत नसेल, तर नातवाला बघायला सांगा. त्यात लाज कसली?

गुडघे दुखतात म्हणून बसून राहू नका. झेपेल तेवढं सपाटीवर चाला. आणि सुनांनो, मुलांनो, "तुम्ही आता स्वस्थ बसा" म्हणून म्हाताऱ्यांच्या हातचं सगळं काम काढून घेऊ नका. शेंगा फोडू द्या, गुरांना पाणी दाखवू द्या. बसून बसून माणूस लवकर खचतो.

रक्तदाब आणि साखर आरोग्य केंद्रात तपासतात. आशाताईंना दिवस विचारून घ्या. गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी पुढच्या आणा. पावसाळ्यात ओढ्याला पूर आला, की चार-चार दिवस वाट बंद असते.