डोळे आणि पायांतील बळ



वडीलधाऱ्यांचे पाय थकले की घरोघरी एकच वाक्य ऐकू येते, "आता वय झाले." मग तेल येते, काढा येतो, काठी येते. डोळ्यांची चौकशी मात्र कोणी करीत नाही. आम्ही पडलो शाळामास्तर, डॉक्टर नव्हे. तरी पायांच्या अशक्तपणाचे मूळ पुष्कळदा डोळ्यांत असते, एवढे सांगण्यासाठी आम्ही आज उभे आहोत.

शरीराचा तोल तीन साक्षीदारांच्या भरवशावर राहतो: डोळे, कानाच्या आतील तोलाचे इंद्रिय, आणि तळपाय व सांधे. वर्गात आम्ही मुलांना एका पायावर उभे करतो (शिक्षा म्हणून नव्हे!) आणि डोळे मिटावयास सांगतो. मिटताच दहा वर्षांचा पोरही डुलू लागतो. उतारवयात उरलेल्या दोघांची साक्ष मंदावते आणि भार डोळ्यांवर पडतो. मधुमेह तर डोळ्याचा पडदा आणि तळपायाच्या नसा दोन्ही बिघडवू शकतो.

अशा वेळी मोतीबिंदू वाढला की पायरीची कड दिसेनाशी होते. माणूस पडण्याच्या आधी भितो. पावले आखूड टाकतो, दिवेलागणीनंतरचे फिरणे सोडतो. आपल्या बेळगावच्या पावसाळ्यात तर उंबऱ्याबाहेर येत नाही. घरची मंडळी मायेने म्हणतात, "अब्बा, तुम्ही बसा, दूध आम्ही आणतो." ही माया महागात पडते. न वापरलेला स्नायू झिजतो, आणि म्हातारपणी झिजलेला सावकाश भरून येतो. काही महिन्यांत त्याच अब्बांना सज्द्यातून उठताना हात टेकावे लागतात. शेजारच्या आजोबांना देवळाच्या पायऱ्या जड होतात. "गुडघे गेले," असे निदान घरच्या घरीच होते.

२०१५ ते २०१९ या काळात देशभर झालेल्या पाहणीत पन्नाशीपुढील अंधत्वाचे मुख्य कारण मोतीबिंदूच ठरले: शंभर अंधांमागे सुमारे ६६. म्हणजे बहुतेकांची दृष्टी परत येण्याजोगी होती! इंग्लंडातील नॉटिंगहॅम येथे सत्तरीपुढील ३०६ स्त्रियांवर एक प्रयोग झाला. तो २००५ साली प्रसिद्ध झाला. काहींची पहिल्या डोळ्याची शस्त्रक्रिया लवकर केली, काहींची नेहमीच्या प्रतीक्षेनंतर. लवकर झालेल्यांत पडण्याचे प्रमाण वर्षभरात ३४ टक्क्यांनी कमी भरले.

परंतु शस्त्रक्रिया झाली म्हणजे पाय आपोआप बळकट झाले, असे नव्हे. दृष्टी काही दिवसांत सुधारते, मांडीचे स्नायू नाही. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर हात न टेकता खुर्चीतून उठणे-बसणे, पाचदहा वेळा, रोज. आणि अब्बांचे दूध अब्बांनाच आणू द्यावे. सोबत कोणी गेले तर उत्तमच.

दुहेरी काचेच्या चष्म्याचेही सांगितले पाहिजे. त्याचा खालचा भाग वाचण्यासाठी असतो. जिना उतरताना त्यातून पाहिले तर पायरी धूसर दिसते. बाहेर हिंडताना लांबचे पाहण्याचा वेगळा चष्मा बरा. आमच्या शाळेच्या जिन्याच्या प्रत्येक पायरीला कडेने पांढरा पट्टा मारला आहे. या सभागृहाच्या पायऱ्यांनाही तसा पट्टा मारावा, अशी विश्वस्तांना आमची विनंती आहे. डबाभर रंगाचे काम आहे, आणि मारण्यास आमची मुले तयार आहेत.