सरंजामशाही : इयत्ता सातवी



सरंजामशाही शिकवायची म्हटली की शिक्षक फळ्यावर त्रिकोण काढतात. टोकाला राजा, खाली उमराव, तळाला भूदास. पोरं पट्टीने रेघा मारून तो वहीत उतरवतात आणि धडा संपतो. तो त्रिकोण मुळात फ्रान्स-इंग्लंडचा. आपल्याकडे तो बसतो की नाही, यावर रामशरण शर्मा आणि हरबंस मुखियांसारखे इतिहासकार भांडले; ते त्यांच्याकडेच राहू द्या. सातवीच्या वर्गाला मी खजाना विहिरीवर नेईन.

बीडच्या दक्षिणेची ही विहीर सोळाव्या शतकात, मुर्तजा निजामशहाच्या अमदानीत, सलाबतखानाने बांधवली. हा बीडचा जहागीरदार. पाणी जमिनीखालच्या नहरीतून शिवारात जातं. पोरं काठावरून वाकून बघत असताना विचारावं, खानाला यातून काय मिळालं? पाणी आलं की पीक वाढतं, पीक वाढलं की सारा वाढतो, आणि जहागीरदार जगतो साऱ्यावर. पुण्याची ओढ नसेल असं नाही, पण हिशेबही असणारच.

मात्र जहागीर सरकारची. आज दिली, उद्या काढली. पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे यांचं वतन पिढीजात. सुलतान बदलले, जहागीरदार गेले, वतनदार हलला नाही. शिवरायांनी सरदारांना शक्यतो रोख पगार दिला, तो जमीन अशी पिढीजात होऊन बसते, याच दुखण्यावर. पुढे राजाराम महाराजांच्या काळात मोगलांशी झुंजताना माणसं टिकवायला वतनं-सरंजाम द्यावेच लागले. ही ओढाताण पोरांना कळली की निम्मा धडा झाला.

उरलेला निम्मा खळ्यावर. वर्गातच खळं मांडा. टेबलावर पाटीभर ज्वारी ओता. कुणी कुणबी, कुणी पाटील, कुलकर्णी, सुतार, लोहार, चांभार, महार, मांग. आधी सरकारचा वाटा काढा, मग पाटला-कुलकर्ण्याचा हक्क, मग एकेकाचं बलुतं. आधी कोण उचलतो आणि ताटकळत शेवटी कोण उभा राहतो, तेही करून दाखवायचं. कुणब्यापुढे काय उरलं ते पोरांनीच मोजावं. शिक्षकांनी त्याआधी त्रिंबक नारायण आत्र्यांचं १९१५ सालचं 'गाव-गाडा' वाचावं, पण चवीने आणि सावधपणे. भूमिका चिठ्ठ्या टाकूनच द्याव्यात. आडनाव बघून वाटणाऱ्याने हा तास घेऊच नये. महार वतन म्हणजे थोड्या जमिनीच्या नि बलुत्याच्या बदल्यात रात्रंदिवस राबणूक. त्यावर बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडलं होतं.

आणि हे सगळं 'मध्ययुगीन' म्हणून मिटवू नका. आपला बीड जिल्हा निजामाच्या राज्यात होता. ते राज्य संपवणारी पोलीस कारवाई सप्टेंबर १९४८ची. हैदराबाद संस्थानातल्या जहागिरी रद्द झाल्या ऑगस्ट १९४९मध्ये. जहागिरीचं गाव डोळ्यांनी पाहिलेलं एखादं म्हातारं माणूस अजून सापडेल. पोरांना त्याच्याकडे धाडा.

बीडच्या वर्गात एक प्रश्न उठणारच. "सर, मुकादम म्हणजे जहागीरदार का?" समोर बसलेल्या कितीकांचे आईबाप दिवाळीच्या आगेमागे मुकादमाच्या टोळीतून, कोयता घेऊन ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. हा प्रश्न टाळू नका, आणि घाईने "हो"ही म्हणू नका. भूदास जमिनीला बांधलेला. जमीन दुसऱ्याकडे गेली की तोही तिच्यामागे जाई. ऊसतोड्या बांधलेला असतो उचलीला, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या पैशाला. मुकादमाजवळ सनद नाही, वतन नाही. कारखान्याकडून आलेला पैसा आहे. उचल फिटली की माणूस मोकळा, निदान कागदावर. हंगाम सरला तरी ती का फिटत नाही, ते पोरं तुम्हाला सांगतील. त्यांच्या घरी हा हिशेब दर साल होतो.