डलिच हॅम्लेटचे खेळाडू व आपल्या भिंतीवरील तसबीर
(ज्युबिलीनिमित्त पॅरिशच्या सभागृहांत भरलेल्या क्रीडासंमेलनांतील भाषण)



ज्या सभागृहांत आपण बसलों आहों, त्याच्या उत्तरेकडील भिंतीवर एक जुनी तसबीर टांगलेली आहे. तींत अकरा जण दिसतात. मधोमध चेंडू, आणि एका बाजूस झगा घातलेले त्या काळचे पाद्रीबाबा. ही आपल्या पॅरिशच्या पहिल्या फुटबॉल संघाची तसबीर होय, एवढें सर्वांस ठाऊक आहे. ती ज्युबिलीच्या पुस्तिकेंत छापावी म्हणून आम्ही खालीं घालावयाचीं नांवें विचारूं लागलों, तों सात जणांचींच निघालीं. उरलेल्या चौघांस कोणी ओळखीना. या देवळाच्या अंगणांत ज्यांनीं घाम गाळला, त्यांचीं नांवें एका पिढींत पुसून गेलीं, याचें आम्हांस फार वाईट वाटलें.

त्या चार चेहऱ्यांपुढें उभे असतांना आम्हांस लंडनमधील एक रस्ता आठवला. २०१८ च्या आधीं आम्ही त्या शहराच्या दक्षिण भागांत एका पॅरिशमध्यें कांहीं महिने बदलीवर होतों. तेथील एक वृद्ध गृहस्थ आम्हांस एका शनिवारीं दुपारीं फुटबॉलचा सामना दाखवावयास घेऊन गेले. मैदानाकडे वळणाऱ्या रस्त्यावर पाटी होती, ‘एडगर केल वे’. हा कोणी सेनापति किंवा प्रधान असावा, असें आम्हांस वाटलें. आम्हीं तसें विचारतांच म्हातारबुवा जागच्या जागीं थांबले व म्हणाले, “फादर, तो आमचा फॉरवर्ड!”

तो क्लब म्हणजे डलिच हॅम्लेट. इंग्लंडांत मोठमोठ्या धंदेवाईक क्लबांची जी लीग आहे, तिच्या बाहेर शेंकडों लहान क्लब आहेत. त्यांतील कित्येकांचे खेळाडू पूर्वीं एक पैसाहि न घेतां खेळत. दिवसभर दुकानांत, कचेरींत अथवा शाळेंत काम करावें आणि शनिवारीं मैदानांत उतरावें, असा त्यांचा क्रम. डलिच हॅम्लेट त्यांपैकींच एक. त्याच्या सदऱ्याचा रंग गुलाबी व निळा. गुलाबी रंगास आपल्याकडील मुलें हंसतील. पण हजारों माणसें तोच रंग गळ्यांत मिरवीत उभीं राहिलेलीं पाहिलीं, कीं हंसूं मावळतें.

या क्लबाची स्थापना १८९३ सालीं झाली. डलिच हॅम्लेट नांवाच्या प्राथमिक शाळेंतून बाहेर पडलेल्या मुलांस एकत्र खेळावयाचें होतें, आणि लोरेन विल्सन नांवाच्या गृहस्थांनीं त्यांचा भार आपल्या शिरावर घेतला. त्यांस सारे ‘पा’, म्हणजे बाबा, म्हणत. पुढें तीस वर्षें, १९२४ सालीं मृत्यु येईपर्यंत, त्यांनीं तो क्लब पोटच्या पोराप्रमाणें सांभाळिला. १९०७ मध्यें क्लब ‘इस्थमियन’ नांवाच्या हौशी लीगमध्यें आला. या लीगचें ब्रीद लॅटिन भाषेंत आहे : ‘ऑनोर सुफिचित’, मान पुरेसा आहे. आरंभीं तेथें विजेत्यास ना कप मिळे, ना पदक. सेमिनरींत लॅटिनच्या तासाला आम्हीं पुष्कळ डुलक्या काढिल्या. परंतु हीं दोन पदें कोणी तेव्हां सांगितलीं असतीं, तर आम्ही जागे राहिलों असतों.

१९११ सालीं या क्लबांत हुसेन हेगाझी नांवाचा विशींतला तरुण आला. तो मिसर देशचा, लंडनला शिक्षणासाठीं आलेला. त्या वेळच्या इंग्लंडांत परदेशी खेळाडू म्हणजे अपूर्वाईच. प्रेक्षक त्यास कौतुकानें ‘नबुखद्नेस्सर’ म्हणत. वास्तविक नबुखद्नेस्सर बाबेलचा राजा, मिसरचा नव्हे. परंतु फुटबॉलच्या गर्दीकडून पवित्र शास्त्राच्या भूगोलाची अपेक्षा कोणीं करावी? त्याचा खेळ पाहून धंदेवाईक फुलम क्लबानें त्याच वर्षीं नोव्हेंबरांत त्याला स्टॉकपोर्टविरुद्ध उतरविलें. फुलमनें सामना तीन विरुद्ध एक असा जिंकला, आणि पहिल्याच सामन्यांत हेगाझीनें गोल केला. फुलमला तो पुनः हवा होता. तेव्हां पा विल्सन उठून त्याच्या घरीं गेले. त्या भेटीनंतर हेगाझीनें हॅम्लेटमध्येंच राहावयाचें ठरविलें. मोठ्या लीगमध्यें खेळण्याची त्याला मनापासून हौस होती, तें त्यानें लपविलें नाहीं; परंतु या लोकांनीं आपणांस प्रेमानें वागविलें, त्यांस सोडवत नाहीं, असें त्याचें म्हणणें होतें. पुढें तो मायदेशीं परतला, आणि १९२० व १९२४ च्या ऑलिंपिकांत मिसरकडून खेळला. १९२४ सालीं पॅरिसमध्यें मिसरनें हंगेरीसारख्या बलाढ्य संघाचा तीन गोलांनीं पराभव केला.

येथें आम्हांस थोडें स्वतःविषयीं बोलणें प्राप्त आहे. गेल्या वर्षीं आपल्या संघांतील एक मुलगा मुंबईच्या एका संघाकडे गेला. आम्हीं त्याला सॅक्रिस्टींत बोलाविलें, आणि कृतघ्न, लोभी, असे शब्द वापरिले. तो मान खालीं घालून निघून गेला. विल्सनसाहेब खेळाडूच्या दारीं गेले होते. आम्हीं मुलाला आपल्या दारीं बोलाविलें. शिवाय त्याच्या घरीं वडील आजारी, हें आम्हांस ठाऊक असूनहि त्या वेळीं आठवलें नाहीं. तो आज येथें मागच्या बाकावर बसला आहे. या सभेसमक्ष आम्ही त्याची क्षमा मागतों.

आतां त्या रस्त्याच्या धन्याकडे वळूं. एडगर केलचा जन्म १९०० सालचा. पहिल्या महायुद्धाच्या दिवसांत तो हॅम्लेटच्या मुलांच्या संघांत आला, आणि १९३३ पर्यंत दुसऱ्या कोठें गेला नाहीं. पोटासाठीं तो मद्याच्या व्यापाऱ्याचा विक्रेता म्हणून फिरे. त्यानें या एका क्लबासाठीं चारशेंहून अधिक गोल केले. १९२० सालीं क्लबानें आपली लीग जिंकली, आणि टफनेल पार्कचा एका गोलानें पराभव करून हौशी क्लबांचा इंग्लंडचा कपहि मिळविला. तो गोल केलचाच. पुढें १९३२, १९३४ व १९३७ या सालीं तोच कप पुनः हॅम्लेटकडे आला. १९३२ च्या अंतिम सामन्यांत तर मरीन नांवाच्या क्लबावर त्यांनीं सात गोल चढविले.

१९२९ च्या मे महिन्यांत केलला इंग्लंडच्या मुख्य संघांत घेतलें. सभोंवार सारे धंदेवाईक खेळाडू, आणि त्यांत हा एक विक्रेता! पॅरिसला फ्रान्सविरुद्ध इंग्लंडनें चार गोल केले, त्यांतले दोन केलचे. दोन दिवसांनीं ब्रसेल्सला बेल्जमचा पराभव झाला. नंतर माद्रिदला मात्र स्पेननें इंग्लंडवर चार विरुद्ध तीन अशी मात केली. ब्रिटिश बेटांबाहेरील कोणत्याहि संघाकडून इंग्लंडची ती पहिली हार. केल तिन्ही सामने खेळला, आणि परत येऊन आपली विक्रीची पिशवी उचलून कामास लागला. धंदेवाईक क्लबांनीं त्याला बोलाविलें नव्हतें असें नाहीं. तो गेला नाहीं.

परंतु त्याचें उदाहरण घेऊन कोणी दुसऱ्यास झोडपूं नये, असें आम्हांस आतां वाटतें. ज्याला दुसरी नोकरी आहे, त्यालाच फुकट खेळणें परवडतें. त्याच क्लबानें २००० सालीं पीटर क्राउच नांवाचा उंच, किडकिडीत मुलगा मोठ्या क्लबाकडून थोडे दिवस उसना घेतला. तो परत गेला, मोठा झाला, आणि इंग्लंडकडून बेचाळीस सामने खेळला. आमचे म्हातारबुवा त्याचेंहि नांव तितक्याच अभिमानानें घेत. तसेंच बर्ट कोलमन या गोलकीपरचें. १९२१ सालीं वेल्सविरुद्ध तो इंग्लंडकडून एकदांच खेळला. एकहि गोल होऊं दिला नाहीं. आणि पहिल्या महायुद्धांत मरण पावलेले या क्लबाचे वीसांहून अधिक सभासद! त्यांतले बहुतेक कोणत्याहि मोठ्या सामन्यांत खेळले नसतील. तरीहि क्लबानें त्यांची स्मृति जपून ठेविली आहे.

आम्ही परत आल्यावर, मार्च २०१८ मध्यें, त्या क्लबावर संकट आल्याचें वाचलें. मैदानाची जागा ज्या कंपनीकडे होती, तिच्याशीं तंटा होऊन क्लबाला बाहेर काढण्यांत आलें. एवढ्यावरच भागलें नाहीं. ‘डलिच हॅम्लेट’ हें नांवसुद्धां क्लबानें वापरूं नये, तें आतां दुसऱ्याच्या मालकीचें आहे, असें पत्र आलें. सव्वाशें वर्षें ज्या नांवानें पोरें मैदानांत उतरलीं, तें नांवच हिरावलें जाणार! लोक रस्त्यावर आले. टूटिंग अँड मिचम या शेजारच्या, एरवीं प्रतिस्पर्धी असलेल्या, क्लबानें आपलें मैदान वांटून घेतलें. त्या पाहुण्या मैदानावर मे महिन्यांत हेंडनविरुद्ध सामना बरोबरींत सुटून पेनल्टींवर निकाल लागला, आणि हॅम्लेट वरच्या लीगमध्यें गेलें. नांव परत मिळालें, डिसेंबरांत मैदानहि.

तेव्हां, तसबिरीची गोष्ट. मागच्या रांगेंत डावीकडून दुसरा, ज्याच्या कपाळाला पट्टी बांधलेली आहे. त्याच्या शेजारचा ठेंगणा. खालीं बसलेल्यांत उजव्या टोकाचे दोघे, ज्यांचे चेहरे एकमेकांसारखे आहेत आणि जे बहुधा भाऊ असावेत. हे चौघे कोण, तें ज्या आजीआजोबांस आठवत असेल, त्यांनीं येत्या रविवारच्या पहिल्या मिस्सेनंतर आम्हांस सांगावें. ज्यांस चालवत नाहीं, त्यांच्या घरीं आम्ही स्वतः तसबीर घेऊन येऊं. पुस्तिका छापखान्यांत जाण्यास अद्याप बारा दिवस आहेत, आणि त्या पानावर चार ओळी कोऱ्या ठेविल्या आहेत.